विहीणबाईंचा अडकित्ता आणि माझी वेणी

…आणि वर मलाच विचारतात! बघा, नीट बघून घ्या एकदाचे. मागून, पुढून, बाजूने, हवे तर जवळ येऊन हात लावून बघा, पण तोंडावर पदर धरून खुसुखुसु हसू नका, कारण उस्मानपुऱ्याच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत प्रत्येकाने आजवर मला एकच प्रश्न विचारला आहे, ‘बाई, केस कुठे गेले?’ कुठे गेले म्हणजे? पोटरीपर्यंत रुळणारी, मनगटाएवढी जाड वेणी मी काय रिक्षात विसरले? आजार नाही, नवस नाही, आणि आमचे हे तर ठणठणीत आहेत. ते काय, शेवटच्या रांगेत बसून चिवडा खात आहेत!

तुम्हाला सांगते, तीन आठवडे हिमालय या वेणीच्या जिवावर उठला होता. हिमालय हरला. हरवले मला आमच्या उस्मानपुऱ्याने!

मुळात ही कल्पना आमच्या सूनबाईंची. आमची प्रेरणा कन्नड तालुक्यातली; मनाने चांगली, पण उत्साही. ती म्हणाली, ‘आई, नेपाळात तीन आठवडे डोंगर चालायचे, साठीपुढच्या बायकांची खास तुकडी आहे, तुम्ही आणि माझी आई दोघी जा, म्हणजे मनमोकळे होईल.’ मनमोकळे! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे पाठ्यपुस्तकात शिकवतात. एका तंबूत दोन विहिणी राहत नाहीत, हे मात्र पाठ्यपुस्तक मंडळाला सुचले नाही. आमच्या विहीणबाई, म्हणजे कडूबाई, कन्नडच्या बड्या ऊसवाल्या, गावच्या माजी सरपंच, आवाज असा की घाटाच्या माथ्यावरून हाक मारली तर पायथ्याची जीप थांबावी. कमरेला कापडी चंची, चंचीत सुपारी, आणि सुपारी कातरायला हा एवढा पितळी अडकित्ता. दिवसभर आपले चालूच… कट्ट! कट्ट! आणि नजर कुठे? माझ्या वेणीवर!

निघण्याआधी सगळ्यांनी उपदेश केला. आमचा मुलगा अमेय म्हणाला, ‘आई, खांद्यापर्यंत तरी कर.’ हे म्हणाले, ‘भानू, केस काय, पुन्हा येतील.’ त्यानंतर आठवडाभर यांनी स्वतःचा चहा स्वतः केला. अहो, चाळीस वर्षे मी शाळेत मुलींना सांगितले, दोन वेण्या, वर बांधलेल्या, लाल फिती, एक बट बाहेर दिसता कामा नये. आणि आता मीच कापून जाऊ? प्रवासाच्या निरोप समारंभात शाल घेतली, नारळ घेतला, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हटले, ‘वेणी घेऊन जाईन, वेणी घेऊन परत येईन. मान कापा, पण वेणीला हात लावाल तर याद राखा!’ टाळ्या! टाळ्या फार वाईट असतात हो… माणूस त्यांत अडकतो आणि वाजवणारे जेवायला निघून जातात.

तर काठमांडूला उतरलो. समोर आमची नेता उभी. कोण? निशा! माझ्याच वर्गातली निशा, जिला प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढून मी फिती नीट बांधायला लावीत असे, तीच निशा. डोक्यावर करंगळीच्या पेराएवढे केस आणि गळ्यात शिट्टी! मी म्हटले, ‘निशा, हे काय डोके?’ ती हसली आणि म्हणाली, ‘बाई, इथे शिट्टी माझ्याकडे आहे.’

पहिला दिवस. पाठीवर पिशवी चढवली आणि मान आकाशाकडे! वेणी पट्ट्याखाली. वेणी बाहेर काढली, पिशवी पुन्हा चढवली, पुन्हा मान आकाशाकडे! अशी मी अर्धा डोंगर आकाशाचे निरीक्षण करीत चढले. विहीणबाई मागून म्हणतात, ‘ईनबाई, खाली बघा की, दरी हाय!’ मी म्हटले, ‘दिसत नाही.’ तर त्या काय करतात? वेणीचे टोक धरून, विहिरीचा दोर ओढावा तसा हिसडा देतात… डोळ्यांपुढे काजवे! ‘निघाली का?’ म्हणतात. काय निघाली? कवटी?

आणि तंबूची चेन! त्या चेनीने माझ्या वेणीचा असा लचका तोडला, असा लचका, की मी अर्धी आत, अर्धी बाहेर, ओणवी, आणि आतून विहीणबाई चेन वर ओढत आहेत, बाहेरून निशा चेन खाली ओढते आहे, आणि दोघी एकमेकींना म्हणत आहेत, ‘जरा जोर लावा!’ विंचरताना तर रोज युद्ध. लाकडी फणी पहिल्या आठवड्यात धारातीर्थी पडली, प्लास्टिकचे दोन कंगवे तिच्यामागून गेले. एका कंगव्याचे दात माझ्याच केसांत राहिले, ते अजून सापडायचे आहेत. आणि कोपऱ्यातून आवाज… कट्ट! ‘ईनबाई, लई हाल करून घेता ओ. हे केस हायेत का कासरा? म्हणत असाल तर आत्ता, एका दाबात…’

मी म्हटले, ‘मान कापा, पण वेणीला हात लावाल तर याद राखा!’

आता चूक कुठे झाली ते सांगते. आणि ही चूक इंग्रज करणार नाही, जपानी करणार नाही, ही फक्त आपल्याकडची बाईच करू जाणे. निशाने शिट्टी वाजवून सांगितले, ‘वर थंडी आहे, कोणीही डोक्यावरून न्हायचे नाही.’ बरे, नाही न्हाणार. पण न्हायचे नाही म्हटल्यावर आपण काय करतो? तेल लावतो! डोके तापले, तेल. डोके दुखले, तेल. मुलगी नापास झाली, तिच्या डोक्यावर तेल! मी खोबरेलाचा चांगला मोठा डबा नेला होता. रोज सकाळी, सढळ हाताने, मुळापासून टोकापर्यंत! वर जाऊ तसतसे ते घट्ट होत गेले. आधी तुपासारखे, मग मेणासारखे, शेवटी तर मी तंबूच्या खुंटीने डब्यातून ढेकळे फोडून काढीत होते. पण लावायचे थांबवले का? छे! नियम म्हणजे नियम.

त्या तेलाचा वास पहिल्यांदा कोणाला आवडला असेल? खेचराला! भर दुपारी, दगडी बांधावर बसून मी भाकरी खाते आहे, तर मागून कोणी तरी वेणी हळूच ओढते. मी म्हटले, ‘विहीणबाई, चेष्टा पुरे.’ तर विहीणबाई समोर! हातात सुपारी, तोंड उघडे. ‘ईनबाई,’ त्या हळूच म्हणतात, ‘हलू नका. तुमची येणी चघळायलंय.’ चघळायलंय! मी मागे न बघता छत्री उगारली आणि हाणली, पुन्हा हाणली, तिसऱ्या फटक्याला छत्रीच्या काड्या दरीत. पण ते जनावर एक पाऊल मागे सरले आणि मी बांधावरून उताणी! ते ओढते आहे, मी फरफटते आहे, विहीणबाईंनी झेप घेऊन माझे पाय धरले. डोळ्यांसमोर चित्र आणा! एका टोकाला खेचर, दुसऱ्या टोकाला विहीण, आणि मधे आडवी, ताणलेली, निवृत्त मुख्याध्यापिका! निशा शिट्ट्या मारते आहे, ‘बाई, त्याला मारू नका, ते आपले सामान वाहते!’ अगं, पण ते मलाही वाहून नेते आहे ना! विहीणबाई ओरडतात, ‘सोड! सोड मुडद्या!’ आणि एका हाताने अडकित्ता उघडतात, ‘ईनबाई, वीतभर कापते, त्याच्या तोंडातलं त्याला ऱ्हाऊ द्या!’

उताण्या अवस्थेत मी म्हटले, ‘मान कापा, पण वेणीला…’ पुढचे शब्द धुळीत गेले. शेवटी विहीणबाईंनी त्या खेचराच्या नाकपुडीवर असा ठोसा मारला, की ते शिंकले आणि वेणी सुटली. शेपटाकडचा भाग हिरवा झाला होता. पण होता!

मग आली खिंड. सगळीकडे बर्फ, वारा असा की गालावर चपराका बसाव्यात. आणि मी, नियमाप्रमाणे, निघताना तेल लावलेले. तासाभरात वेणी गोठली. गोठली म्हणजे कशी? मऊपणा नाही, वळणे नाही… सरळ, ताठ, टणक. शाळेतली वेताची छडी पाठीला बांधल्यासारखी! मला मागचे काय दिसणार? मी आपली चालते आहे. तेवढ्यात मागून हाक, ‘बाई!’ आता चाळीस वर्षांची सवय. ‘बाई’ ऐकले की मान वळते. मी मान वळवली… फाट्! निशाचे नाक! पांढऱ्या बर्फावर लाल रक्त, टपटप टपटप! मी घाबरून ‘अगं बाई, कापूस कोणाकडे आहे?’ म्हणत दुसऱ्या बाजूला वळले… फाट्! विहीणबाईंचे तोंड! आणि त्यांच्या तोंडातून काही तरी शुभ्र, चंद्रकोरीसारखे, हवेत उडाले, उन्हात चमकले आणि बर्फात दिसेनासे झाले.

वरची कवळी!

‘माजी कवली!’ विहीणबाई ओरडल्या. ‘ईनबाई, आग लागो त्या शेपटाला, माजी कवली!’ अहो, लोक तिथे पोचले की डोळे पुसतात, पताका बांधतात, एकमेकांना मिठ्या मारतात. आम्ही? साठीपुढच्या सगळ्या बायका ओणव्या होऊन काठ्यांनी बर्फ उकरीत होतो! मी मदतीला वाकले की सगळ्या जणी किंचाळून आडव्या पडत, कारण मी वाकले की वेणी फिरे. कवळी सापडली. विहीणबाईंनी ती पदराला पुसली, तोंडात बसवली, आणि पहिले वाक्य काय? ‘निशा, कात्री हाय का तुझ्याकडं?’

त्या दुपारी, खाली उतरून विश्रामगृहात मी जरा पडले होते, तोच दोघींनी कट करून हल्ला केला. डोळे उघडते तो छातीवर विहीणबाई! पिसे भरलेल्या जाड कोटासकट! त्यांनी माझे दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबलेले, आणि डोक्याशी निशा; नाकात कापसाचे बोळे, हातात प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री. ‘बाई, बला बाफ करा,’ ती म्हणते, ‘पण हे आबच्या सगळ्यांच्या जिवावर आलंय.’ ‘दाब, पोरी, दाब!’ विहीणबाई म्हणतात, ‘म्या धरलंय!’ मी लाथा मारल्या. मी ओचकारले. मी चावले. होय, चावले! आयुष्यभर ज्या मुलीच्या वह्या तपासल्या, तिच्या मनगटाला मी कडकडून चावले, आणि तोंड मोकळे होताच गरजले, ‘मान कापा; पण वेणीला हात लावाल तर याद राखा!’ निशाने डोळे मिटून कात्री दाबली. बँडेजच्या पट्ट्या कापणारी ती बिचारी कात्री… तिचा स्क्रू उडाला, एक पाते खिडकीला लागले, दुसरे विहीणबाईंच्या कोटात घुसले आणि खोलीभर पिसे! तिघी जणी पिसांत बसून धापा टाकत होतो. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, ‘ईनबाई, तुमच्या पुढं हिमालय काय हाय!’ आयुष्यात विहिणीकडून मिळालेली ही पहिली प्रशंसा. मी त्याच क्षणी वेणी डोक्याभोवती गुंडाळली, वर लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढली आणि जाहीर केले, ‘ही टोपी आता उस्मानपुऱ्यात निघेल.’

निघाली! मे महिना. आपल्याकडचा मे महिना काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. दारात पाऊल ठेवले आणि तीन आठवड्यांचे खोबरेल एकदम वितळले. कपाळावरून, कानांमागून, पाठीवरून ओघळ! प्रेरणाने टोपी ओढली. टोपी आली, टोपीची लोकर आली नाही. ती वेणीत विणली गेली होती. वेणी सोडायला जावे, तर तीन पेड कुठले? एकच! तेल, धूळ, घाम, लोकर आणि खेचराची लाळ, सगळे मिळून एकच घट्ट दोर. न्हावे म्हटले, तर नळाला पाणी यायला अजून अवकाश, आणि टाकीत होते ते यांनी कूलरमध्ये ओतलेले!

म्हणून मी गॅलरीत, वाऱ्याला, तो दोर मोकळा सोडून बसले. तेवढ्यात समोरच्या मनस्विनीताई वाळवण काढायला आल्या. बघतात, थबकतात, हातातले पापड खाली ठेवतात, आणि… हात जोडतात! ‘बाई,’ त्या कापऱ्या आवाजात म्हणतात, ‘अहो, ही तर जट! हिमालयातून देवी आली तुमच्या अंगावर!’

आता हे कोणाला सांगत होत्या? मला! मला, जिने नोकरीभर, कन्नडच्या वाड्यावस्त्यांपासून बजाजनगरच्या चाळींपर्यंत, घसा फोडून भाषणे दिली, की आयांनो, जट म्हणजे देवी नव्हे. जट म्हणजे न विंचरलेले केस, घाम आणि मळ. मुलींच्या माना मोडतात, कापा ती! मी म्हटले, ‘मनस्विनीताई, हे खोबरेल आहे.’ त्या म्हणाल्या, ‘देवी कशातूनही येते.’ संध्याकाळपर्यंत जिन्यात रांग! हळद, कुंकू, ओटी, नारळ! मी ओरडते आहे, ‘जा, घरी जा, मूर्ख बायांनो!’ तर त्या एकमेकींना सांगतात, ‘बघा, कोपली.’ मी चप्पल उगारली, तर दोघींनी ती चप्पल कपाळाला लावली! आणि रांग लावायला कोण? कट्ट! विहीणबाई! लेकीला भेटायला म्हणून थांबलेल्या. ‘धक्काबुक्की करू नका गं, नारळ हिकडं ठिवा, हिकडं!’

मी हसत होते हो आतून. खोटे कशाला बोलू? वेणी घेऊन गेले होते, वेणी घेऊन आले होते. दोन दिवसांनी पाणी येईल, भिजवीन, एक एक केस सोडवीन, मग या बायांना दाखवीन. असा माझा हिशेब. पण दुसऱ्या दिवशी रांगेत सुरेखा आली. बजाजनगरची, कंपनीत कामाला जाते. तिची मुलगी करुणा, आठ वर्षांची, डोक्यावर उजवीकडे जट, हातभर लांब. त्या ओझ्याने मुलीची मान कलंडलेली, जटेखाली कातडीला जखमा. या सुरेखाच्या घरी मी चार वेळा पायऱ्या झिजवल्या होत्या, आणि निघण्यापूर्वी तिने कबूल केले होते, ‘बाई, तुम्ही परत आल्या की कापू.’ म्हणून मी हसून म्हटले, ‘आलीस? चल, कापू या.’

तर ती माझ्या पायांवर डोके ठेवून म्हणाली, ‘नाय बाई. आता नाय. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं ठिवली, मग आम्ही कशी कापावी?’

मी म्हटले, ‘अगं, माझी ही खोटी आहे. पाणी आले की सोडवणार आहे मी.’ ती म्हणाली, ‘सोडवा. सुटली तर बघू.’ आणि पोरीला घेऊन उठली. ती पोर माझ्याकडे बघत होती. सरळ नव्हे, तिला सरळ बघताच येत नव्हते. कलंडलेल्या मानेने, तिरके, खालून वर…

खेचराने ओढली तेव्हा दुखले नव्हते एवढे दुखले मला. छातीवर विहीण बसली तेव्हा कोंडला नव्हता एवढा श्वास कोंडला. मी हात पुढे केला आणि म्हटले, ‘विहीणबाई, अडकित्ता द्या.’

विहीणबाईंची सुपारी तोंडातच राहिली. ‘कशापायी?’

‘मान वाचवा,’ मी म्हटले, ‘वेणी कापा!’

किंकाळ्या हो, किंकाळ्या! मनस्विनीताईंनी माझा हात धरला, मी झटकला. कोणी तरी पाय धरले, विहीणबाईंनी तिला उचलून जिन्यात ठेवले. हे स्वयंपाकघरातून ‘भानू! भानू!’ करीत आले आणि नारळावरून घसरून पडले. मी मानेशी अडकित्ता लावला. कट्ट! निम्मीही कापली गेली नाही. कट्ट! तेल उडाले. दोन्ही हातांनी, दात ओठ खाऊन, कोंबडीची मान मुरगाळावी तशी ती वेणी पिळत, कट्ट, कट्ट, कट्ट… आणि ती पडली. धप्पकन आवाज झाला. सगळ्या बाया मागे सरल्या. वीज पडेल, मी रक्त ओकेन, निदान झीट तरी येईल, म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. काही झाले नाही. मान हलकी झाली, एवढेच.

करुणा पुढे आली. आपली आपण. माझ्यासमोर पाठ करून बसली. मी सुरेखाकडे पाहिले. ती पदर तोंडात कोंबून उभी, आणि तिने मान हलवली… हो. मी त्या जटेला अडकित्ता लावला. कट्ट. पोरीने मान सरळ केली. इतकी सरळ, इतकी सरळ, की तिला एकदम छतच दिसले, आणि ती म्हणाली, ‘बाई, तुमच्या पंख्याला लई जाळी हाय.’

संपले, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले. मी आत जाऊन डोळ्यांना पाणी लावून येते, तर विहीणबाई माझी वेणी नव्या खणात गुंडाळत आहेत! मी म्हटले, ‘हे काय? फेका ते!’ त्या म्हणाल्या, ‘ईनबाई, तुमची भाषणं लई झाली. बायांला माणसानं सांगून पटत नाय, देवी बोललेली लागती.’ आणि घेऊन गेल्या कन्नडला! शेताच्या बांधावर कोनाडा केला, आत वेणी, वर शेंदूर, आणि गावभर सांगितले, ‘हिमालयातली देवी हाय. ती म्हणती, मला केस नगं; पोरींच्या जटा काढा आन् हितं वाहा, लेकरं मोकळी करा.’ बाया येतात हो! रांगा लावून येतात! जटा कापून कोनाड्यात वाहतात, पोरी टुणटुण उड्या मारीत घरी जातात. चाळीस वर्षांच्या माझ्या भाषणांनी जे झाले नाही, ते खेचराने चघळलेली वेणी करते आहे! भांडू कोणाशी? फोन केला, तर पलीकडून फक्त… कट्ट!

आणि येणारी प्रत्येक बाई नारळ आणते. विहीणबाई पडल्या हिशेबी. त्या दर आठवड्याला एस.टी.ने नारळांची गोणी माझ्याकडे पाठवतात, ‘ईनबाई, देवी तुमची, वाटा तुमचा.’ खोबरे खाऊन खाऊन यांचे पोट बिघडले, शेजारी दार उघडत नाहीत, म्हणून मी सगळे वाळवून घाण्यावर दिले. शुद्ध खोबरेल, चांगले पिंपभर घरात उभे आहे.

आता तुम्हीच सांगा… लावू कुठे?